इवाई दारातून परत गेले

धरमपेठेतल्या एका आडगल्लीत आमचा दवाखाना आहे. पेशंटची शस्त्रक्रिया वरच्या मजल्यावर होते आणि त्याच्या नातेवाइकांची माझ्या खोलीत. खोलीवर ‘रुग्ण संपर्क अधिकारी’ अशी पाटी आहे, पण लिफ्टमनपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ‘सॉरी रूम’ म्हणतात. मलाही आधी त्याचं हसू यायचं. आता हे लिहायला बसलोय तर डोकं तापलेलं आहे, तेव्हा वाक्यं इकडेतिकडे गेली तर सांभाळून घ्या.

तक्रार मिटवायची माझी एक पद्धत होती. नातेवाईक तावातावानं आले की त्यांना सोफ्यावर बसवायचं. हा सोफा मी मुद्दाम खोल निवडला होता. त्यात माणूस एकदा रुतला की त्याला रागारागानं उठता येत नाही, आधी पुढे सरकावं लागतं, मग हातांवर जोर द्यावा लागतो, आणि तेवढ्यात निम्मा राग उतरतो. मग पंखा वाढवायचा, चहा सांगायचा आणि चहा येईपर्यंत ‘बरोबर आहे तुमचं’ एवढंच म्हणत राहायचं. कप अर्धा झाला की ज्या सिस्टरबद्दल तक्रार असेल तिला वरून बोलवायचं. ती येते, भिंतीला लागून उभी राहते, फरशीकडे बघत ‘सॉरी’ म्हणते, जाते. तिची चूक होती का, हे कुणी विचारायचं नाही. विचारलं की चहा थंड होतो.

या कामात माझा हात इतका बसला होता की एकदा मी एका कुटुंबाला जवळ घेऊन, डोळे पाणावून, चांगलं पाऊण तास सांत्वन केलं होतं. त्यांचा पेशंट तेव्हा खाली कँटीनमध्ये तर्री-पोहे खात होता. मला शोक करायचा होता तो शेजारच्या खोलीतल्या लोकांजवळ. तरी त्या कुटुंबानं जाताना माझे हात धरले आणि म्हणाले, साहेब, तुमचा स्वभाव फार चांगला आहे जी.

असा हा चांगल्या स्वभावाचा माणूस. आता त्यानं काय केलं ते ऐका.

तिसऱ्या मजल्यावर काटोलकडच्या खेड्यातली एक बाई होती, पन्नाशी ओलांडलेली. आतड्याला पीळ पडला म्हणून तिचं पोट मोठं उघडावं लागलं होतं. नाकात नळी, पोटावर टाके, हाताला सलाईन. ऑपरेशन झाल्यापासून तिचा डोळा लागला नव्हता. काही दुखण्यानं, आणि काही माणसांनी.

माणसांचं सांगायला हवं. आमच्याकडे दवाखान्यात पेशंटला पाहायला जाणं ही लग्नाहून पक्की गोष्ट आहे. लग्नाला नाही गेलं तर शेतीचं, पोरांच्या परीक्षेचं निमित्त चालतं. दवाखान्यात नाही गेलं तर ते मरेपर्यंत ऐकावं लागतं. आणि नुसतं जाऊन भागत नाही. पेशंटनं डोळे उघडून पाहिलं पाहिजे, नाहीतर भेट झाली असं कुणी धरत नाही. म्हणून झोपलेल्या पेशंटचा खांदा हलवायचा, ‘पाहा वं, कोण आलं’ म्हणायचं, पेशंटनं पाहुण्याला ओळखायचं, नातं बोलून दाखवायचं, की लागली हजेरी. मग बिस्किटांचा पुडा उशाशी ठेवून पाहुणा मोकळा. त्या बाईच्या उशाशी एवढे पुडे साठले होते की नर्सेसनी त्यांची उतरंड रचली होती. खायचे कोणी? तिला तर पाण्याचा घोटही बंद होता.

त्या दिवशी दुपारी बाईला झोप लागली. त्या वॉर्डची सिस्टर भंडाऱ्याकडची, आवाजानं खणखणीत, तोंडानं तिखट. वॉर्डबॉय तिला घाबरत आणि खरं सांगायचं तर मीही लिफ्टमध्ये ती असली की जिना घ्यायचो. तिनं काय केलं, एक लोखंडी स्टूल ओढलं, खोलीच्या दारात आडवं घातलं आणि त्यावर बसली. चार वाजले, भेटीची वेळ सुरू झाली, तरी उठली नाही.

नेमके तेव्हाच वर्ध्याकडून इवाई आले. इवाई म्हणजे व्याही, इहीन म्हणजे विहीण. बाईच्या धाकट्या मुलीची सोयरीक नुकतीच जमली होती आणि नवऱ्यामुलाचे आईवडील आणि काका होणाऱ्या विहिणीला पाहायला गाडी करून आले होते. हातात शहाळी, अंगावर ठेवणीतले कपडे. बाईचा मुलगा हिंगण्याच्या एका कंपनीत कामाला, तो सुट्टी टाकून त्यांना आणायला खाली उभा होता. सिस्टरनं त्यांना दारातच थांबवलं. मुलानं समजावलं, की नुसतं तोंड दाखवून जातील. सिस्टर म्हणाली, तोंड उद्या दाखवा. तो चिडून म्हणाला, एवढ्या दुरून माणसं आली आहेत. त्यावर सिस्टर बोलली ते साऱ्या व्हरांड्यानं ऐकलं, “प्रदर्शन लागलं का इथं?”

इवायांनी शहाळी स्टुलापाशी ठेवली आणि ते मुकाट्यानं खाली उतरले.

पाचव्या मिनिटाला मुलगा माझ्या सोफ्यात होता. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याचा आवाजच फुटत नव्हता. “साहेब, माह्या बहिणीची सोयरीक आहे तिथं. इवाई दारातून परत गेले. उद्या त्याहीनं काही कमीजास्त केलं तर मी कोणाले तोंड दाखवू?” ही सिस्टर आईच्या खोलीत नको आणि तिनं आत्ता, इथं, त्याच्यासमोर सॉरी म्हटलं पाहिजे, एवढं त्याचं म्हणणं. चहा आला. मी ‘बरोबर आहे तुमचं’ म्हटलं आणि सिस्टरला बोलावलं.

ती भिंतीजवळ गेलीच नाही. खोलीच्या मधोमध उभी राहिली.

मी नेहमीच्या मवाळ आवाजात म्हटलं, सिस्टर, एक सॉरी म्हणून द्या आणि जा तुमच्या कामाला.

“काहून म्हणू?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्या खोलीत कुणी विचारला नव्हता. मला संताप आला, आणि तो तिचाच आला. दहा सेकंदांचं काम, एक शब्द, त्यासाठी ही बाई माझा चहा थंड करते आहे. मी म्हटलं, प्रदर्शन वगैरे बोललात ना?

“ते बोलली. त्याचं सॉरी, भाऊ,” ती मुलाकडे वळून म्हणाली. “झोपू दिलं त्याचं नाही म्हणत मी. वर सलाईन संपून राहिलं,” आणि गेली.

अर्ध्या सॉरीवर मुलगा समाधानी होईना. मीही नाही. अर्धी सॉरी माझ्या खोलीत आजवर कुणी ठेवून गेलं नव्हतं. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. माझ्या डोक्यात मात्र एक अत्यंत उज्ज्वल कल्पना आली. मुलाकडून मी इवायांचा नंबर घेतला आणि दवाखान्याच्या फोनवरून स्वतः लावला.

ते बुटीबोरीच्या रस्त्याला लागले होते. मी दवाखान्याच्या वतीनं दिलगिरी व्यक्त केली, आपल्यासारखी मोठी माणसं आमच्या दारातून अशी जाणं आम्हाला शोभत नाही म्हणालो, आणि परत येण्याची विनंती केली. पलीकडे इवाई म्हणाले, राहू द्या जी, त्या झोपल्या आहेत तर झोपू द्या. आता हे वाक्य साधं आहे. शाळेतल्या पोरालाही कळेल. पण मी पडलो इथलाच. आमच्याकडे पाहुणा जेवायला ‘नको’ म्हणतो तेव्हा त्याला अजून आग्रह हवा असतो. मी आग्रह केला. ते पुन्हा राहू द्या म्हणाले. मी तिसऱ्यांदा अशी गळ घातली की माणसाला गाडी वळवण्यावाचून गत्यंतरच उरू नये. त्यांनी गाडी वळवली. मी फोन ठेवला आणि मुलाकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. त्यानं मला खाली वाकून नमस्कार करायचा तेवढा बाकी ठेवला. सोफ्यातून वाकता येत नाही म्हणून.

ते आले तेव्हा मी त्यांना खालीच गाठलं आणि मिरवणूक काढावी तशी वर नेली. पुढे मी, मागे इवाई, इहीन, त्यांचे एक भाऊ, बाईचा मुलगा, आणि सगळ्यांच्या मागे कँटीनचा माणूस चहाचा ट्रे घेऊन. सिस्टर स्टुलावरच होती. अजून झोपल्या आहेत, ती म्हणाली. मी म्हटलं, “सिस्टर, मी आहे ना. जबाबदारी माझी.” तिनं माझ्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे, आणि उठून स्टूल बाजूला ओढलं. ते फरशीवर किती कर्कश वाजलं. बाईला त्यानंही जाग आली नाही, एवढी ती झोपली होती.

मग मी काय केलं असेन? मी स्वतः, या हातानं, तिचा खांदा हलवला. आणि म्हटलं, काकू, पाहा, कोण आलं.

तिनं डोळे उघडले. इहीन दिसली. तिचा हात लगेच पदराकडे गेला आणि पदर सापडेना, कारण अंगात दवाखान्याचा गाऊन होता. तो हात छातीवर, खांद्यावर चाचपत फिरला, मग तिनं पायावरची चादर ओढून डोक्यावर घेतली. आणि कोपरांवर जोर देऊन उठून बसायला लागली. पोटावर टाके, नाकात नळी, आणि ही बाई मुलाला म्हणते, “चहा सांगितला का रे इवाईले?” इहीन घाबरून म्हणते आहे, अवो पडून राहा, पडून राहा. तिचं आपलं चालूच, बसा जी, तुम्ही उभ्याच आहा, खुर्ची दे रे. बोलताना नळी ओढली गेली, तिला उमासा आला, तशी तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं आणि तोंडातून आवाजच निघेना. चादर डोक्यावर तशीच होती.

सिस्टरनं मला कोपरानं बाजूला केलं. ट्रे कलंडला, गरम चहा माझ्या पँटवर सांडला. सारे बाहेर व्हा, म्हणाली. तिनं बाईला मागे टेकवलं, उशी पोटावर धरायला दिली, नळी सोडवली, मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. एक टाका उसवला होता. डॉक्टर आले, त्यांनी तो नीट केला, आणि बाहेर व्हरांड्यात येऊन सगळ्यांसमोर सिस्टरवर उखडले. ही गर्दी आत सोडलीच कशी, अक्कल आहे की नाही, वॉर्ड चालवता की बाजार. ती हातातल्या सलाईनच्या बाटलीकडे बघत उभी राहिली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, “सर, माणसं मी आणली.”

डॉक्टरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू कुंडीतलं झाड बोललं. म्हणाले, तुम्ही आणली असतील, पण वॉर्ड कुणाचा? आणि पुन्हा तिच्याकडे वळले.

तेवढ्यात तो मुलगा बोलला. “हाव ना सर,” तो म्हणाला, “साहेबाले कितीही म्हणू द्या, सिस्टरनं अडवायले पाहिजे होतं न.”

दोन तासांपूर्वी अडवलं म्हणून हा माणूस सोफ्यात बसून रडवेला झाला होता. दारात बसली तरी तिची चूक, उठली तरी तिची चूक. आणि चूक करणारा मी तिथंच उभा होतो, पँटवर चहा घेऊन, ‘मी केलं’ असं सांगत, आणि माझी चूक कुणी घ्यायलाच तयार नव्हतं. पांढऱ्या ड्रेसमधली बाई हाताशी असताना कशाला घेतील? राग आला की माझा आवाज चिरकतो. मी त्याला काहीतरी सुनवायला गेलो आणि शिटीसारखा आवाज निघाला. शेजारच्या खोलीतला एक म्हातारा पेशंट, कोण आहे, म्हणून दार उघडून बघायला आला.

लिफ्टमध्ये इहीन डोळे पुसत होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, आम्ही तर झोपू द्या म्हणून राहिलो होतो जी. तुम्हीच बलावलं. नाही आलो असतो तर त्याहिले वाईट वाटलं असतं. म्हणजे आजारी बाईला ही भेट नको होती, इवायांना नको होती, सिस्टरला नको होती. ती हवी होती फक्त माझ्या खोलीतल्या दोघांना, त्या मुलाला आणि मला.

दुसऱ्या दिवशी आमच्या व्यवस्थापकांनी मला बोलावलं. पेशंटच्या मुलानं पुन्हा तक्रार केली होती, या वेळी गर्दी आत सोडल्याची. सिस्टरकडून सॉरी घ्या आणि तिला खाली ओपीडीत पाठवा, म्हणाले. ओपीडी म्हणजे दिवसभर वजनं घ्यायची आणि नावं पुकारायची. वॉर्डमध्ये मुरलेल्या नर्सला तिथं बसवणं ही शिक्षा असते, सगळ्यांना कळते. मी म्हटलं, सर, हे सगळं मी केलं, सॉरी मी म्हणतो.

“तुमची चालत नाही हो,” ते म्हणाले. “तुम्ही तर रोजच म्हणता.”

मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदा साहेबाच्या खोलीतून दार आपटून बाहेर पडायचं ठरवलं, आणि सगळा जोर लावून दार ढकललं. त्या दाराला वर ते तेलाचं यंत्र बसवलेलं. दार स्स्स करत, अगदी सावकाश, नम्रपणे मिटत राहिलं. ते पूर्ण मिटेपर्यंत मी बाहेर उभा आणि ते आत बसलेले, असे आम्ही एकमेकांकडे बघत होतो. शेवटी मीच मान हलवून निरोप घेतला.

दुपारी चारनंतर मुलगा सोफ्यात येऊन बसला. व्यवस्थापक माझ्या खुर्चीत. चहा त्यांनीच सांगितला, कारण मी सांगत नव्हतो. मी खिडकीशी उभा राहिलो आणि एकदाही ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणालो नाही. सिस्टर आली. पुन्हा मधोमध उभी.

“भाऊ, तुमच्या आईचं ड्रेसिंग बाकी आहे,” ती म्हणाली. “ओपीडीत गेली की मले वर येता येणार नाही. दुसरी सिस्टर करन, तीही चांगली आहे. आता सांगा, इथं उभी राहून सॉरी म्हणू का वर जाऊन ड्रेसिंग करू?”

मुलगा उठायला गेला. सोफा सोडेना. तो पुढे सरकला, हातांवर जोर दिला, पुन्हा मागे रुतला, आणि तसाच रुतल्या रुतल्या, फरशीकडे बघत म्हणाला, “करून द्या ड्रेसिंग. आई सकाळपासून तुम्हालेच विचारून राहिली. दुसऱ्या कोणाले हात लावू देत नाही.”

“उद्याही करावं लागते. परवाही,” सिस्टर म्हणाली, आणि व्यवस्थापकांकडे पाहत थांबली.

व्यवस्थापकांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, “राहू द्या सर त्याहिले वरच.” त्यांनी खांदे उडवले. ती गेली. सॉरी झालीच नाही.

चहा आला तेव्हा व्यवस्थापकही निघून गेले होते. मुलानं कप उचलला, एक घोट घेतला. मला वाटलं, आता तरी हा खजील होईल. तो म्हणाला, मग साहेब, सॉरीचं काय झालं? कोणीतरी म्हटलं पाहिजे न. तुम्हीच म्हणून टाका, फोनवर मी इवायाले तसं सांगून देतो.

हजारदा म्हटलेला शब्द आहे. चालता चालता, लिफ्टची वाट पाहता पाहता म्हटलेला. तो याला द्यायचा नव्हता. या वेळी आवाज चिरकला नाही, हे एक नवल. मी म्हटलं, “तुमच्या आईला मी उठवलं. मागायची तर त्यांची माफी मागीन. तुमची नाही मागत, काय करायचं ते करा.” आणि त्याला सोफ्यात तसाच सोडून तीन मजले जिन्यानं चढलो. रागात लिफ्टची वाट बघवत नाही.

वर पोचलो तेव्हा धाप लागलेली, घाम फुटलेला, तोंडावर अजून भांडण. दारात स्टूल आडवं होतं. सिस्टर त्यावर बसून हातमोजे काढत होती.

“झोपल्या आहेत,” ती म्हणाली. “उद्या या.”

मी म्हटलं, सिस्टर, मला फक्त सॉरी म्हणायचं होतं.

“त्यासाठी उठवू का त्याहिले?”

तिच्या खांद्यावरून मला आतलं दिसत होतं. बाई तोंड किंचित उघडं टाकून झोपली होती, डोक्यावर चादर नव्हती, बिस्किटांची उतरंड कुणीतरी हलवली होती. मी तीन मजले चढून आलो होतो. भेटीची वेळ चालू होती. मी या दवाखान्याचा अधिकारी आहे. एवढं सगळं असून मला एका स्टुलावरून परत लावलं जात होतं, आणि खरं सांगतो, माझं माथं असं भडकलं की तिथल्या तिथं तिची तक्रार करावीशी वाटली. कुठं करायची ते मला चांगलं ठाऊक होतं. तळमजला, डाव्या हाताला, सोफ्याची खोली.